काडीमोडीचा साक्षीदार

देवखिंडीचे राजे रणधवल यांचं राणीसाहेबांशी वाजलं, की दुसऱ्या दिवशी राज्यातला काडीमोडीचा कायदा बदलायचा. राणीसाहेब रुसून माहेरी गेल्या, तेव्हा दवंडी पिटली गेली, "काडीमोड झाली तर मूल बापाचं!" काही दिवसांनी त्या परत आल्या, येताना राजांच्या आवडीचे अनारसे घेऊन आल्या. लगेच दुसरी दवंडी, "मूल आईचं, वर पोटगीसुद्धा!" अनारसे संपले आणि पोटगीही संपली. लोकांची पार तारांबळ उडाली. वेगळं व्हायच्या विचारात असलेले नवरा-बायको वाड्याकडून येणाऱ्या माणसाला आधी विचारून घ्यायचे, "आज वर हवा कशी आहे हो?"

अशा दिवसांत सगुणा तांबटणीची काडीमोड झाली. तिच्या नवऱ्याने, बयाजीने, दुसरीशी पाट लावायचं ठरवलं होतं. त्या आठवड्यात कायदा होता तो असा : ज्याने मूल वाढवलं, मूल त्याचं; आणि मूल ज्याच्याकडे, राहतं घरही त्याचंच. झालं! जन्मात लेकीचं नाक न पुसलेल्या बयाजीला एकदम मायेचं भरतं आलं. चार वर्षांच्या मैनेवर हक्क सांगायला तो नवं उपरणं पांघरून दरबारात हजर झाला.

"महाराज," तो गळा काढून म्हणाला, "पोर माझ्या मांडीशिवाय झोपत नाही! दिवेलागणीला मी घरात नसलो, तर घास गिळत नाही!"

मैना आईच्या पदराआड उभी होती. तिने हळूच विचारलं, "आई, हे कोणाबद्दल बोलतायत?"

दरबारात खसखस पिकली. राजेही हसणार होते, पण दिवाण अप्पाजीपंत खाकरले. बयाजी वाड्यावरचा, राजांच्या बैठकीतला माणूस, त्याला दुखवून चालणार नव्हतं.

"पोरांचं काय ऐकायचं!" दिवाण म्हणाले. "बाई, मुलगी तूच वाढवलीस याला साक्षीदार आण. तो नात्यातला नको, जातीतला नको, शेजारपाजारचा नको. आणि त्याचा शब्द खोटा म्हणायची या राज्यात कोणाची छाती होता कामा नये! दरबार उठायच्या आत आणलास तर बरं, नाहीतर मुलगी बापाकडे."

असा माणूस आणायचा कुठून? सगुणेने मैनेचा हात घट्ट धरला. मग तिची नजर बयाजीच्या नव्या उपरण्यावरून सरळ सिंहासनाकडे गेली, आणि तिने डोळे पुसले.

"आणते. पण आधी एक शंका आहे, महाराज. आमच्या आळीत बोलतात, की सोंगट्यांच्या पटावर बयाजीराव आपल्याला रोज हरवतात. खरं का हो?"

"काय?" राजे ताडकन उठले. "हा? मला? अगं, काल दिवेलागणीला बसलो तो जेवणाचं ताट येईपर्यंत हा डावावर डाव हरत होता!"

"कालचं सोडा, महाराज. एखादा दिवस कोणाचाही असतो."

"एखादा दिवस? वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी याला पटावर लोळवतोय मी! एक संध्याकाळ चुकलेली नाही!"

बयाजी घाईघाईने म्हणाला, "महाराज, तिचं ऐकू नका..."

"तू गप्प बस! हरताना तोंड उघडत नाहीस, आता कसा बोलतोस?"

"पण शिमग्यानंतर म्हणे बयाजीरावच जिंकत होते," सगुणा म्हणाली. "तेव्हा माझ्या मैनेला गोवर आला होता. ती तापाने फणफणली होती, म्हणून मला चांगलं आठवतं."

"साफ खोटं! त्या दिवसांत तर याला मी घरीसुद्धा जाऊ दिलं नाही. इथेच जेवला, इथेच झोपला आणि सकाळी उठून पुन्हा हरला!"

सगुणेने वाकून मुजरा केला. "दिवाणसाहेब, साक्ष झाली. रोज दिवेलागणीला हे पटावर होते, गोवरातही घरी नव्हते. साक्षीदार माझ्या नात्यातला नाही, जातीतला नाही, शेजारचा तर नाहीच नाही. आता त्याचा शब्द खोटा म्हणायची कोणाची छाती असेल, तर त्याने पुढे यावं!"

बयाजी एक पाऊल पुढे आला आणि राजांकडे पाहून दोन पावलं मागे गेला.

राजांना असं हसू फुटलं की डोक्यावरचा मंदील सरकून भुवयांवर आला. "अरे, दरबारात मलाच साक्षीला उभं केलं हिने! आणि मीच ओरडून ओरडून साक्ष दिली!" त्यांनी डोळे पुसले. "मैना आईची, घर मैनेचं. आणि बयाजी, वाड्यावरून तुला मिळणारा शिधा आजपासून पोटगी म्हणून मैनेच्या घरी जाईल. तूच डोक्यावर वाहून न्यायचा! रोज दिवेलागणीला तिथे बसायचं, म्हणजे निदान पोरीला तुझं तोंड तरी ओळखू येईल."

"मग महाराज खेळणार कोणाबरोबर?" दिवाणांनी काळजीने विचारलं.

"राणीसाहेब आहेत की!" सगुणा म्हणाली. "त्या संध्याकाळी पटावर बसल्या, तर आम्हाला सकाळी उठून नवा कायदा पाठ करावा लागणार नाही!"

पडद्याआडून राणीसाहेबांचं हसू ऐकू आलं, आणि राजे त्याहून मोठ्याने हसले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणेला दिलं, आणि सोंगट्यांचा पट त्याच संध्याकाळी राणीसाहेबांच्या महालात मांडायला सांगितला.