सुकरूची चौकी

धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या एका गावात सुकरू नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा, पण कामाला वाघ. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे, आणि सगळ्या गावाचं तेच दुखणं होतं.

त्याच्या मायचा एक पाय हत्तीरोगाने सुजलेला. सुकरूच्या धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. माय म्हणे, "जावयाले ओवाळाले उभी तरी राहीन का मी?" सुकरू ते रोज ऐके. शेवटी तो दवाखान्यात सिस्टरबाईंकडे गेला.

सिस्टरबाई म्हणाल्या, "रक्ताला हृदय ढकलतं. पण अंगात लसिका नावाचं पाणी फिरतं, त्याला ढकलणारं हृदय नाही. हत्तीरोगात त्याची वाट तुंबते आणि ते पायात साचतं. सूज आली की पाय उंच ठेवायचे."

"हो जी," म्हणून सुकरू घरी आला. पाहतो तर गांधीलमाशी चावून मायचं तोंड सुजलेलं. त्याने मायचे दोन्ही पाय वर आढ्याला बांधले. संध्याकाळपर्यंत मायचे डोळे दिसेनासे झाले.

"अरे बाबा, तोंड सुजलं तर डोकं उंच ठेवायचं," सिस्टरबाई म्हणाल्या.

"हो जी."

तोंड उतरलं. मग मायच्या सुजल्या पायात काटा मोडला आणि जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, आली. सुकरूने घरातल्या सगळ्या उशा लावून मायचं डोकं उंच केलं. पाय बाजेखाली लोंबत राहिला आणि पार खांब झाला.

आता सिस्टरबाई स्वतःच घरी आल्या. जखम धुतली, गोळ्या दिल्या, पाय उंच ठेवला. "ही गाठ म्हणजे लसिकेच्या वाटेवरची चौकी, सुकरू. बाहेरून शिरलेले परके जंतू ती तिथंच अडवते. चौकी फुगली म्हणजे काम चालू आहे. तिला दाबायचं नाही."

"आता समजलं जी," सुकरू म्हणाला.

सूज पुरती गेली नाही, पण बरीच उतरली. लग्नाच्या दिवशी माय आरतीचं ताट घेऊन मांडवाच्या दारात आपल्या पायांवर उभी राहिली. तिला रडूच आलं. पण मुहूर्त टळत चालला तरी वरात येईना.

"सुकरू, नवरदेव कोठी हाये रे?"

"नवरदेव नाही दिसला, माय. वेशीवरच्या समाजमंदिरात काही लोक उतरले हायेत. एकही चेहरा ओळखीचा नव्हता. एकाचं तर मुंडावळ्यांनी तोंडच दिसत नव्हतं. सारे परके. म्या बाहेरून कडी लावली."

माय ताट घेऊनच वेशीकडे निघाली.

"तू काळजी नको करू," सुकरू म्हणाला. "आतून धक्के मारून राहिले, दार चांगलं फुगलं हाये. म्या दाबलं नाही."