सहावा बोल्ट

"मग घट्ट म्हणजे किती घट्ट? तेवढं तरी सांगा की, वस्ताद."

दस्तगीर वस्तादांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. 

विचारणारी होती यशोधरा चौगुले. डिप्लोमा पहिल्या वर्गात झालेली. वस्तादांच्या शेडमध्ये तिचं हे चौथं वर्ष. कोल्हापुरात गाड्यांच्या बॉड्या बांधणारे पुष्कळ आहेत, पण फायबरची बॉडी साच्यातून इतकी गुळगुळीत काढणारी ही एकटीच. आणि हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

समोर तिचं सात महिन्यांचं काम उभं होतं. सांगलीच्या डॉक्टर पाटण्यांची हौस. जुन्या विलायती गाडीसारखी बुटकी, उघड्या इंजिनाची हॉट रॉड. खाली लोखंडी चासी, वर फायबरची बॉडी, आणि दोन्ही यशोधरेनंच केलेली. आता बॉडी सहा बोल्टांनी चासीवर बसवायची, एवढंच उरलं होतं. डॉक्टर दुपारी चारला गाडी बघायला येणार होते.

पाच बोल्ट बसले होते. सहाव्यापाशी, उजव्या अंगाला मागं, बॉडी चासीला टेकतच नव्हती. करंगळी जाईल एवढी फट राहिली होती.

वस्तादांच्या शेडमध्ये एक रीत होती. ज्यानं आपली बॉडी आपल्या हातानं चासीवर नीट बसवली, त्याला वस्ताद स्वतःचा पाना देणार. तो पाना लाल फडक्यात गुंडाळून पेटीत असे. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत तोही मांडला जाई, पण फडक्यासकट. एकोणतीस वर्षांत तो कुणाला मिळाला नव्हता. तिघंजण वाट बघून कंटाळले आणि स्वतःची गॅरेजं काढून बसले.

यशोधरेला तो पाना हवा होता. आजच हवा होता.

"फट हाय," वस्ताद म्हणाले.

"दिसतीया मला. आवळली की मिटंल."

"मिटवू नगंस."

"का?"

वस्तादांनी बशी तोंडाला लावली.

"का ते सांगा. चार वर्षं झाली, तुम्ही नुसतं नगं म्हणता. का म्हणून विचारलं की चहा पिता."

"चहा चांगला हाय."

"चासी मी लेव्हल लावून तपासलीया. अर्ध्या मिलिमीटरचा फरक न्हाई. बॉडी माझ्याच साच्यातनं निघालीया. मग ही फट आली कुठनं?"

"फटीला विचार."

"मी कुणाला विचारत बसत न्हाई. मी आवळतो."

कोल्हापुरात बायकाही 'आवळतो'च म्हणतात. यशोधरा ते जरा जास्तच जोरात म्हणाली.

तिनं पाना लावला. नट थोडा फिरला आणि अडला. मग तिनं कोपऱ्यातला दीड हात लांबीचा पाइप आणला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि त्याच्या टोकाला लोंबकळली.

वस्ताद बघत होते. त्यांनी अडवलं नाही.

फट अर्धी झाली. मग कागदाएवढी. मग मिटली. यशोधरेनं मान वर केली.

"बघा."

...

कट्.

आवाज लहानसाच होता. दाराच्या कोपऱ्यातून मागच्या मडगार्डाकडे केसाएवढी रेघ धावली होती.

 तिनं रेघेवरून बोट फिरवलं. नखाला लागत होती. म्हणजे तडा वरवरचा नव्हता.

"तुम्हाला म्हाईत होतं," ती म्हणाली.

"व्हय."

"मग माझा हात का धरला न्हाई?"

"धरला असता तर सोडवून घेतला असतास."

हे खरं होतं. म्हणून तिला आणखीच राग आला.

वस्ताद उठले. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि तडा पाहिला.

"पुट्टी मार. वरनं रंग. चारच्या आत वाळतोय."

"न्हाई."

"डॉक्टर हाईत ते. त्यास्नी माणसं कळत्यात, फायबर न्हाई."

"मला कळतंय की."

"सगळे असंच करत्यात, यशे."

"मी करत न्हाई."

"गाडी हातची जाईल."

"जाऊ दे."

"मग पानाबी..." वस्तादांनी वाक्य तसंच सोडलं.

यशोधरेनं पेटीकडं पाहिलं. मग वस्तादांकडं.

"ऱ्हाऊ दे तुमचा पाना पेटीत. असलं झाकून मिळणार असंल तर मला नगं. उद्यापास्नं येऊ नगंस म्हणालात तरी चालंल."

तिनं त्यांच्यासमोरच फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, यशोधरा बोलतोय. बॉडीला तडा गेलाय. माझ्या हातनं गेलाय. आज येऊ नका."

पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. त्यात पुण्यातल्या कुणाचं तरी नाव दोनदा आलं.

"न्या पुण्याला," ती म्हणाली. "नेताना तडा दाखवून न्या, म्हंजे झालं. न्हाईतर मला आठ दिवस द्या. तडा काढून, बॉडी बसवून देतो. पण झाकून देणार न्हाई."

पुन्हा आवाज.  मग एकच वाक्य, आणि फोन बंद.

"काय म्हणाले?" वस्तादांनी विचारलं.

"आठ दिवस. नववा न्हाई."

 शेडच्या मागंच वस्तादांचं घर होतं. आत गेले आणि ताटलीत कणकेचा गोळा घेऊन आले. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, आता चपात्या काय लोखंडाच्या लाटू का म्हणून. त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

"बोल्ट काढ. सहाच्या सहा."

यशोधरेनं बोल्ट काढले. शेजारच्या लेथवरचे दोघं मदतीला आले. तिघांनी मिळून बॉडी उचलून बाजूला धरली. वस्तादांनी चासीवर बोल्टांच्या सहा जागी कणकेचे सहा गोळे ठेवले, पेढ्याएवढे, खाली-वर दुधाच्या पिशवीचा तुकडा.

"ठेवा. सावकाश. वरनं कुणी दाबू नका."

बॉडी खाली आली. आपल्या वजनानं बसली.

"उचला."

पाच गोळ्यांच्या पापड्या झाल्या होत्या. सहावा मात्र जाडच होता, नुसता वरून चपटलेला.

"हे काय?" यशोधरेनं विचारलं.

"माझी लेव्हल."

तिनं खिशातून व्हर्निअर काढला आणि कणीक मोजली. लेथवाल्यांपैकी एकजण हसला. तिनं त्याच्याकडं असं बघितलं की त्याला लेथवरचं काम आठवलं.

"अकरा मिलिमीटर," ती म्हणाली.

"चूक कुणाची? चासीची का बॉडीची?"

यशोधरा लगेच बोलणार होती. पण त्या जाड गोळ्याकडं बघत उकिडवी बसली.

...

"चासी सरळ हाय," ती शेवटी म्हणाली. "बॉडी साच्यातनं निघाल्यावर वाळताना जराशी फिरली. आता तिला असंच बसायचंय. तिची चूक न्हाई."

"मग?"

"मग मधी काय तरी घालायला पायजे."

साखर कारखान्यातल्या जुन्या रबरी पट्ट्याचा एक तुकडा भिंतीशी पडला होता. वस्तादांनी तो पायानं तिच्याकडं सरकवला आणि घरात जेवायला गेले.

पाच दिवस यशोधरा त्या तड्याला चिकटून होती. तिनं तो घासून आणखी रुंद केला, दोन्ही अंगांनी. आतून-बाहेरून काचतंतूंची नवी मॅट चढवली, रेझिन पाजलं, वाळू दिलं. फायबरची कूस हाताला टोचत होती. रोज संध्याकाळी ती कोपरापर्यंत हात खाजवत घरी जायची आणि सकाळी वस्तादांच्या आधी शेडवर हजर व्हायची. त्यांच्याशी ती कामापुरतंच बोलत होती.

सहाव्या दिवशी बॉडी पुन्हा चासीवर आली. पाच जागी रबराचा एकेक तुकडा. सहाव्या जागी रबर, आणि खाली अकरा मिलिमीटर भरतील एवढ्या लोखंडी पट्ट्या. आतल्या बाजूनं तिनं तळहाताएवढ्या चकत्या घातल्या होत्या, म्हणजे बोल्टचा सगळा जोर फायबरच्या एकाच ठिकाणी येऊ नये. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

वस्तादांनी चकत्या पाहिल्या. त्यांची भुवई जराशी हलली.

यशोधरेनं नट बोटांनी फिरवले. पाना उचलला. आणि थांबली.

"घट्ट म्हणजे..." तिनं प्रश्न पुरा केला नाही.

वस्ताद पेटीपाशी गेले. लाल फडक्याची पुरचुंडी आणून तिच्यासमोर ठेवली.

चार वर्षं तिनं तो पाना मनात पाहिला होता. हातभर लांब, जड. फडकं सुटलं. आत निघाला तो तिच्या तळहाताएवढा. दांडा पोकळ नळीचा, करवतीनं कापलेला, आणि कापलेलं टोक हात लागून लागून गुळगुळीत झालेलं.

"हा तर अर्धाच हाय."

"याच्यानं आवळ."

तिनं आवळलं. रबर कडेनं जरासं फुगलं. मग पाना थांबला. तिनं सवयीनं जोर केला. तळहातात टोक रुतलं, पण धरायला दांडाच नव्हता. नट हलला नाही.

असे सहा बोल्ट झाले.

वस्तादांनी उजव्या मागच्या चाकाखाली जॅक लावला आणि गाडीचा तो कोपरा वर उचलायला लागले. चाक खड्ड्यावरनं जाताना पडतो तसा चासीला पीळ पडला.  सहाव्या बोल्टापाशी रबर दबलं, पलीकडचं सैल झालं...

बॉडीचा आवाज आला नाही. वस्तादांनी दाराला एक बोट लावलं. दार लागलं.

त्यांनी लाल फडकं झटकलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. पेटी बंद केली. पाना तिच्याच हातात राहिला होता आणि ते तो मागत नव्हते.

तिचे डोळे भरून आले. तिला ते आवडलं नाही.

"मी अजूनबी म्हणतो," ती म्हणाली, "का ते पहिल्या दिवशीच सांगितलं असतं, तर माझी बॉडी तडकली नसती."

"व्हय. नसती तडकली."

"मग?"

वस्तादांनी चहा मागवला.

यशोधरेनं पाना उलटसुलट करून पाहिला. "कुणी कापला हा?"

"माझ्या वस्तादानं. मी दुसरी बॉडी फोडली तवा."

"आणि कापलेला दांडा? तो कुठाय?"

चहा आला. त्यांनी तो बशीत ओतला. फुंकर मारली. कोपऱ्यात भिंतीला टेकून तो दीड हाताचा पाइप उभा होता. त्याच्याकडं बघत ते म्हणाले,

"त्या दिवशी तुझ्याच हातात होता की."