भाऊसाहेबांचा व्हॉल्व्ह

सांगलीच्या भाऊसाहेब शृंगारपुऱ्यांकडे दिव्यासारख्या पेटणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हचे चौदा जुने अ‍ॅम्प्लिफायर होते आणि बढाया त्याहून जास्त. आतल्या तांबूस दिव्यांवर जीव जडलेल्या वृंदाताई खासनीस एक विकत मागायला गेल्या, तर ते म्हणाले, "ताई, ह्याला कान लागतो. पडद्यामागे एक व्हॉल्व्हचा ठेवतो, एक आजकालचा, बिनव्हॉल्व्हचा. व्हॉल्व्हचा ओळखा आणि फुकट घेऊन जा. चुकलात तर पुन्हा नाव काढायचं नाही."

दोन्ही वाजले. ताईंचे कान कुकरच्या शिट्ट्या मोजून घडलेले. त्यांना दोन्ही सारखेच गोड लागले. गंमत बघायला जमलेली भाऊसाहेबांची मित्रमंडळी गालात हसायला लागली.

"दोन्ही बंद करा," ताई म्हणाल्या. "आधी चहा पाजा, मग सांगते."

चहा झाला, पोहे झाले. ताईंनी दुसरा कपही फुंकून फुंकून संपवला. मग म्हणाल्या, "आता एकेक परत लावा."

पहिला बटण दाबताच गायला लागला. दुसरा मात्र हूं नाही की चूं नाही. गार पडलेला व्हॉल्व्ह तापल्याशिवाय गात नाही, हे माहेरच्या जुन्या रेडिओमुळे ताईंना पक्कं ठाऊक होतं. अर्ध्या मिनिटाने सूर हळूहळू वर आला.

"हा दुसरा माझा."

"पण हे काही कानांनी ओळखलं नाहीत," भाऊसाहेब कुरकुरले.

"कानांनीच की, भाऊसाहेब. गप्प कोण बसलंय तेही कानांनीच कळतं."

सगळ्यात मोठ्याने भाऊसाहेबच हसले, आणि तो जड डबा रिक्षापर्यंत त्यांनीच उचलून आणला.