कड्यावरून उतरलेलं गाणं

डोंगरकड्याखालच्या एका जंगलात एक कोल्हा राहायचा, आणि बाळांनो, तो गायला लागला की पलीकडच्या गावातल्या म्हशी दावं तोडायच्या. कड्यावर उभं राहून तो एक ओळ फेकायचा, समोरचा डोंगर ती परत पाठवायचा, आणि असा काही दणका उडायचा की तरणी पोरं अंगात आल्यासारखी नाचायची. ही कोल्ह्याची टोळी. जंगलात गाणाऱ्यांच्या अशा आणखी दोन टोळ्या होत्या, त्याही त्याच कड्यावरून गायच्या. एकीत अस्वल पोकळ ओंडका बडवायचं, दुसरीत सायाळ आपले काटे खुळखुळवायची. तिघांनी उभी हयात एकमेकांवर कुरघोडी करण्यात घालवली. वय झालं तशी भांडणंही दमली.

एके दिवशी पाणवठ्यावर अस्वल म्हणालं, "कोल्होबा, ओंडका बडवून खांदे गेले माझे. आता एकदा आपल्या आयांची गाणी हळू आवाजात म्हणू या का? टोळ्या राहू देत आपापल्या जागी. हा आपला फावल्या वेळचा उद्योग."

सायाळ म्हणाली, "माझी कधीची इच्छा आहे. विचारायची लाज वाटत होती."

कोल्हा मात्र शेपटी चाटत बसला. त्याचं दुखणं त्यालाच ठाऊक. गेल्या पावसाळ्यापासून त्याचा घसा बसला होता. कड्यावर झाकली मूठ सव्वा लाखाची, कारण निम्मं गाणं डोंगरच म्हणायचा. झाडाखाली बसून गायचं म्हणजे सगळ्या जंगलाला कळणार, की कोल्होबा संपले. पण जुन्या वैऱ्यांनी इतक्या मायेनं बोलावल्यावर त्याला नाही म्हणवेना.

ठरलं. मोहाच्या झाडाखाली संध्याकाळी बैठक जमली. तालीम? छे, इतक्या मुरलेल्या मंडळींना कसली आली तालीम! म्हाताऱ्यांना काय खूळ लागलंय ते बघायला सगळं जंगल लोटलं. अस्वलानं मांडीवर वाळका भोपळा घेतला, सायाळीनं काटे हलकेच हलवले, आणि कोल्ह्यानं ओळ घेतली, "नीज रे पिला, उन्हानं डोंगर सोडला..."

आणि तो थांबला. अस्वलही थांबलं, सायाळही थांबली. का, तर जन्माची खोड! डोंगराकडून ओळ परत आल्याशिवाय पुढची घ्यायची नाही, याच शिस्तीत तिघं म्हातारे झाले होते. इथे कुठला आलाय डोंगर? तिघं कान टवकारून बसले आणि समोर नुसती शांतता. पुढं बसलेलं एक माकड फिसकन हसलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं कोल्ह्याला झालं.

अस्वल कानाशी येऊन म्हणालं, "पुन्हा घे, कोल्होबा. आम्ही आहोत."

कोल्ह्यानं पुन्हा ओळ घेतली. आवाज चिरकला, तसाच त्यानं तो रेटला, आणि मेली सवय, ओळ संपल्यावर पुन्हा थांबला.

या खेपेला मागून एक म्हातारी सशीण, मांडीवरच्या नातवाला थोपटता थोपटता, आपल्याच नादात म्हणाली, "नीज रे पिला, चांदण्यानं पदर ओढला." तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण हे गाणं तिच्याही आईनं म्हटलं होतंच की. तिच्यामागून हरणी म्हणाली, मग रानडुकरीण. माकडाच्या आईनं माकडाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तीही गाऊ लागली. कोल्हा एक ओळ म्हणायचा, जंगल दुसरी म्हणायचं. अस्वलाचे डोळे भरून आले आणि भोपळ्यावरचा ठेका चुकला, पण ठेक्याची कुणाला पडली होती?

गाणं संपल्यावर सशीण जवळ आली. कोल्ह्यानं मान खाली घातली. आता घशाचा विषय निघणार, असं धरूनच तो बसला होता.

सशीण म्हणाली, "कोल्होबा, लहानपणापासून तुमचं गाणं ऐकतेय. पण तुमच्यासोबत गायला आज पहिल्यांदा मिळालं. उद्या पण बसाल ना?"

 कोल्ह्यानं मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तोच झाडाखाली येऊन बसला. घसा अजून बसलेलाच होता. पण ते विचारायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

तात्पर्य : आपला आवाज कमी पडला म्हणून झुरू नये, दुसऱ्यांना सूर मिसळायला तिथेच जागा मिळते.