गांजाची जाहिरात

गावातल्या एकुलत्या एका रेडिओ केंद्राची जागा आबासाहेब खराड्यांची. एका सकाळी ते तरातरा थेट स्टुडिओत शिरले आणि केंद्रप्रमुख मृदुलाताईंना म्हणाले, "माझ्या गांजाची जाहिरात आत्ताच्या आत्ता वाजवा, नाहीतर जागा खाली करा."

तिथले कर्मचारी हातातलं काम सोडून बघू लागले. मृदुलाताईंनी शांतपणे माईक त्यांच्यापुढे सरकवला. "वाजवू की. तुम्हीच बोला. फक्त आधी स्वतःचं नाव आणि पत्ता सांगा."

आबासाहेब दचकून मागे सरले. "वेड लागलंय का? पोलीस दारात येतील माझ्या."

"आबासाहेब, आम्ही तर आमचं नाव-पत्ता दर तासाला सांगतो."

स्टुडिओत एकच हशा पिकला. आबासाहेब जिना उतरले. जागेचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.