चवळीखाऊ सरदार

खूप जुनी गोष्ट आहे ही. किती जुनी ते विचारू नका. पश्चिम आफ्रिकेतल्या त्या मोठ्या नदीकाठच्या गोरखचिंचा आज घराएवढ्या जाड झाल्यात, त्या तेव्हा मनगटाएवढ्या होत्या.

उत्तरेला वाळवंट, दक्षिणेला बाजरीची शेतं आणि मधून नदी. काठावरच्या गावात दोन कुळं राहत, एक गुराख्यांचं आणि एक कोळ्यांचं. पावसाळ्यात गुराखी गुरं घेऊन दूर उत्तरेच्या कुरणांत जात. नदी ओसरू लागली की परत येत, आणि सगळी गुरं एकाच दिवशी पोहून गावाकडच्या काठाला लागत. त्या दिवशी बायका घरं लिंपून, पायांना मेंदी लावून वाट बघत उभ्या असत. गावाचं वर्षभराचं दूधदुभतं त्या कळपात असे, आणि कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ त्या कळपामागे.

या दोन कुळांच्या पूर्वजांनी एकमेकांना एक वचन दिलं होतं. एकमेकांची हवी तेवढी चेष्टा करायची आणि कुणी रागवायचं नाही. कोळी गुराख्यांना म्हणत ‘चवळीखाऊ’. गुराखी कोळ्यांना म्हणत ‘बेडकांचे भाचे’. बाजारात, लग्नात, अगदी मयतीतसुद्धा! कुणी गेलं की दुसऱ्या कुळातलं कुणीतरी वाट अडवून म्हणे, “याला नेऊ देणार नाही, यानं माझी मासळी पळवलीय.” रडणारी माणसं रडता रडता हसत, आणि मग वाट मोकळी होई.

एके वर्षी गुराख्यांचा म्हातारा सरदार वारला आणि त्याचा मुलगा हमादी सरदार झाला. त्याला सरदारकीची टोपी घालायला सारं गाव जमलं. एवढी माणसं, एवढे डोळे! टोपी डोक्यावर चढली, तरी हमादी ती पुन्हा पुन्हा चाचपत होता.

तेवढ्यात कोळ्यांची कादिया म्हातारी तरातरा आली. त्याच्या चटईवर बसली आणि त्याची टोपी काढून तिनं स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

“बापानं एवढी गुरं राखली,” ती म्हणाली, “तुला एक टोपी राखता येईना! चवळी खाऊन पोट बघ केवढं झालंय. अरे, सरदार तू आहेस की भोपळा?”

लोक पोट धरून हसले. हमादीचे मात्र कान तापले. त्याला वाटलं, आपल्याला ही जागा शोभत नाही हे सगळ्यांना कळलं.

“पुरे!” तो ओरडला. “आजपासून माझी चेष्टा करायची नाही. जो करेल, तो एक बकरी देईल.”

कादियानं टोपी काढली, हळूच चटईवर ठेवली आणि खाली मान घालून निघून गेली.

त्यानंतर कोळी फार नीट वागू लागले. “या सरदार”, “बसा सरदार”, “आपण म्हणाल तसं, सरदार”. हमादीला वाटलं, याला म्हणतात मान. पण गप्पा मारायला आता कुणी का थांबत नाही, ते त्याला कळेना.

पावसाळा सरला. गुरं घेऊन हमादी पलीकडच्या काठावर आला. वाट दाखवायला कोळ्यांच्या होड्या पाण्यात उभ्या होत्या.

“नेहमीच्याच उतारानं घालतो गुरं,” हमादी म्हणाला. “बरोबर ना?”

कोळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या वर्षीच्या पुरानं वाळूचा दांडा वाहून नेला होता आणि त्या जागी खोल भोवरा पडला होता. सगळ्यांना ते ठाऊक होतं.

“आपली मर्जी, सरदार,” एक जण पुटपुटला.

“अरे, सांग ना त्याला,” शेजारच्या होडीतून कादिया कुजबुजली.

“काय सांगू? चारचौघांत सरदाराला ‘तू चुकतोस’ म्हणू? चेष्टेत म्हणता येत होतं. आता कुठल्या तोंडानं म्हणू?”

हमादीनं हात वर केला. त्याचा लाडका पांढरा बैल सगळ्यांत पुढे पाण्यात शिरला, पोहला, आणि गर्रकन फिरून दिसेनासा झाला. मागचा सारा कळप त्याच पाण्याकडे निघाला होता. गावाकडच्या काठावर बायकांच्या हातातली भांडी निसटली.

कादियाकडे एकच बकरी होती. तिच्या दुधावर नातवंड वाढत होतं. क्षणभर तिनं डोळे मिटले. मग ती होडीत उभी राहिली आणि सगळ्या नदीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “अरे चवळीखाऊ! भोपळ्या! डोळ्यांतही चवळ्या भरल्यात का? तिथं भोवरा आहे! वर फिरव गुरं, वर, त्या वाकड्या झाडाकडे!”

कळपामागचे गुराखी हमादीकडे पाहू लागले.

हमादीचे कान पुन्हा तापले. पण या वेळी तापल्या कानांनीसुद्धा त्याला नीट ऐकू आलं. “वर फिरवा!” तो ओरडला आणि स्वतः पाण्यात उडी टाकून पुढच्या गाईंना वळवू लागला. कोळ्यांनी होड्या आडव्या घातल्या. वाकड्या झाडाजवळून बाकीची सगळी गुरं पार झाली.

पांढरा बैल परत आला नाही.

संध्याकाळी कादिया बकरी घेऊन सरदाराच्या दारात आली. “ही घे, माझा दंड,” ती म्हणाली.

हमादी आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात मोठं भांडं होतं. ते घेऊन तो अंगणात सगळ्यांसमोर खाली बसला आणि खाऊ लागला. भांड्यात उकडलेली चवळी होती.

“बकरी घरी ने, बेडकांच्या भाची,” तो खाता खाता म्हणाला. “आणि येताना मीठ आण. तुझ्यासारखीच बेचव झालीय ही.”

कादियानं तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत, कोण जाणे.

पुढे काही वर्षांनी ती वारली. तिला नेताना हमादी वाटेत आडवा उभा राहिला. “हिला नेऊ देणार नाही!” तो ओरडला. “हिनं माझी... माझी टोपी...”

“बाजूला हो रे चवळीखाऊ,” कादियाचा नातू हळूच म्हणाला. “आजीला उशीर होतोय.”

लोक हसले. सरदार डोळे पुसत बाजूला झाला.

म्हणून लहानांनी आणि मोठ्यांनीही ध्यानात ठेवावं: ज्याला आपल्यावरचं हसू सोसत नाही, त्याच्यापर्यंत खरं बोलणंही पोचत नाही.