देवमाशीण आणि हिरवं पाणी

एक होती देवमाशीण. कुठे? पार खाली दक्षिणेला, जिथे समुद्रावरसुद्धा बर्फ साचतो. आपल्या शाळेएवढी मोठी, बरं का. पण एकटी! तिचे सगळे भाऊबंद बोटीवाल्यांनी मारून नेले. कसे ते नाही सांगणार, तुम्हाला झोप लागायची नाही.

मग ती रोज हाका मारायची. लांबच लांब हाका. कुणी ओ द्यायचं नाही.

तिथल्या पाण्यात जवळा असतो. आपण भाकरीबरोबर खातो ना, तसलाच, पण लालचुटूक. देवमाशीण तोच खाणार, सील तोच, पाखरं तोच, पेंग्विनही तोच. एकदा काय झालं, सगळ्यांनी ठरवलं, ही फार खाते. मग सील आला. म्हणाला, "आत्याबाई, तुमच्या एका घासात आमची अख्खी पंगत संपते." पाखरू आलं, तेही तसंच बोललं. शेवटी पेंग्विनबाई आली. तिनं पायांवरचं पिल्लू नुसतं दाखवलं.

देवमाशिणीला फार वाईट वाटलं. आपण कुणालाच नको आहोत, असं वाटलं. ती निघून गेली, उपाशीच, दूरच्या कोमट पाण्यात.

मग इकडे पाण्याचा हिरवेपणा गेला. मग जवळा रोडावला. मग दिसेनासाच झाला. का? निमिष, हसायचं नाही हं. देवमाशीण शी करायची ना, त्या खतावर पाण्यात बारीक हिरवं शेवाळ धरायचं. ते खाऊन जवळा वाढायचा. हसलास? हस. पेंग्विनबाईचं पिल्लू मात्र भुकेनं रडून रडून गप्प झालं होतं.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं पिल्लू त्याच्या बाबाच्या पायांवर ठेवलं आणि निघाली पोहत. बर्फ संपला. थंडी संपली. ओळखीचं पाणी संपलं. मग हाक ऐकू आली, अगदी क्षीण. पेंग्विनबाईनं आपल्या चिमुकल्या आवाजात ओ दिली.

"कोण गं?" देवमाशिणीचा विश्वासच बसेना.

"मी. आमचं चुकलं, आत्याबाई. घरी चला."

मग दोघी परत आल्या. पाणी हिरवं झालं, जवळा आला, पिल्लू जेवलं, सगळीच पोटभर जेवली. देवमाशिणीचे भाऊबंद काही आले नाहीत. पण ती रोज तिन्हीसांजेला हाक मारते, आणि बर्फावरून पेंग्विनांची सगळी वस्ती ओरडते, "ओऽ!"

मग ती निवांत डोळे मिटते. मिटा बघू तुम्हीही. दिवा मालवते मी.